बदलापूरच्या घरात गरम पाणी : हीट पंप घ्यावा की घेऊ नये?



आपल्या भीमेच्या खोऱ्यातली पुष्कळ घरे आता दोन ठिकाणी नांदतात. म्हातारी माणसे, ऊस आणि गोठा इकडे. मुलगा, सून आणि नातवंडे बदलापूर, अंबरनाथ नाहीतर उल्हासनगरला. मुंबईत जागा घेणे आवाक्याबाहेरचे, म्हणून नोकरदार माणूस कल्याणच्या पुढे सरकला आणि तिथेच स्थिरावला. इकडे उसाच्या पहिल्या हप्त्याचे पैसे बँकेत जमा झाले की तिकडून फोन येतो. ‘आबा, गिझरमुळे लाइटबिल फार येतंय. यंदा हीट पंप बसवायचा म्हणतोय. थोडा हातभार लावाल का?’ आबांना पंप म्हटला की विहिरीवरचा पाच हॉर्सपॉवरचा पंप आठवतो. न्हाणीघरात पंप कशापायी, हे त्यांच्या ध्यानात येत नाही, आणि मुलाला नाही म्हणवत नाही.

तेव्हा हे यंत्र काय आहे, कोणाला परवडते आणि घ्यायचेच ठरले तर काय बघून घ्यावे, एवढे या लेखात सांगायचे आहे. आधीच सांगून टाकतो, यंत्र चांगले आहे. वादच नाही. पण हप्त्याचे पैसे त्यात घालायचे की नाहीत, हे घरात रोज गरम पाणी किती खपते त्यावर ठरते. दुकानदार हा प्रश्न सहसा विचारत नाही.

बादलीला किती वीज?

गावाकडे बंबात काय जाते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पाचट, तुराट्या, गोवऱ्या, बांधावरच्या वाळक्या काटक्या, जे हाताला येईल ते. शहरात मात्र प्रत्येक बादलीवर मीटर फिरतो. त्याचा हिशेब शाळेतल्या पोराला येईल इतका सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणून पाण्याचे लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले ८६०, की झाली युनिटे. थंडीत टाकीतले पाणी २० अंशांवर असते, अंगावर घ्यायला ४० अंशांचे पुरते. वीस लिटरची बादली २० अंशांनी तापवायची म्हणजे ४०० किलोकॅलरी, सुमारे अर्धे युनिट. चार माणसांच्या चार बादल्या धरल्या, गिझरमध्ये वाया जाणारी उष्णता धरली, की दिवसाला दोन युनिटे.

कॉइलचा गिझर कोणत्याही कंपनीचा असो, युनिटामागे ८६० हून एकही किलोकॅलरी जास्त देत नाही. इथे लोकांची एक गल्लत होते. गिझरवर पाच तारे असले म्हणजे तो कमी विजेत पाणी तापवतो, असे समजतात. साठवणीच्या गिझरवरचे तारे वेगळेच सांगतात. तापलेले पाणी टाकीत नुसते उभे राहिले असता दिवसभरात किती उष्णता निसटते, त्याचे ते माप आहे. टाकीचे अस्तर जाड, तर तारे जास्त. बटण दिवसभर चालू ठेवणाऱ्याला त्या ताऱ्यांचा फायदा होतो. पाणी तापल्याबरोबर बटण बंद करून आंघोळ उरकणाऱ्याला फारसा नाही.

पंप कशाचा?

विहिरीवरचा पंप पाणी तयार करतो का? पाणी खाली आहेच. पंप ते वर आणतो. वीज लागते ती उचलण्याची मजुरी. हीट पंप तेच उष्णतेच्या बाबतीत करतो. बाहेरच्या हवेत उष्णता आहेच, ती उचलून टाकीतल्या पाण्यात आणून टाकायची आणि विजेकडून फक्त उचलण्याचे काम करून घ्यायचे. घरातला फ्रीज रोज हेच करतो. आतल्या भाजीपाल्याची उष्णता काढून तो बाहेर टाकतो; त्याच्या पाठीशी किंवा बाजूला हात लावून बघा, कोमट लागते. हीट पंप म्हणजे फ्रीजची ती कोमट बाजू कामाला लावलेली.

आत घडते ते असे. नळीत एक वायू फिरत असतो, तो फार कमी तापमानालाही उकळतो. बाहेरच्या जाळीतून पंखा हवा ओढतो, त्या हवेच्या उबेवरच हा द्रव उकळून त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. दाबली की ती तापते. ही तापलेली वाफ पाण्याच्या टाकीभोवतीच्या नळीतून फिरते, तिथे उष्णता सोडून पुन्हा द्रव होते, आणि एका बारीक झडपेतून दाब उतरून परत जाळीकडे जाते. एवढेच. आगीचा किंवा धुराचा संबंध नाही.

आपल्या कारखान्यात इव्हॅपोरेटरवर ज्यांनी पाळ्या केल्या त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथे बॉड्या ओळीने उभ्या असतात. पहिल्या बॉडीला वाफ बाहेरून द्यायची. तिथल्या रसातून निघालेल्या वाफेवर दुसरी बॉडी उकळवायची, दुसरीच्या वाफेवर तिसरी. शेवटच्या बॉडीत व्हॅक्यूम असतो म्हणून तिथला रस साठ अंशांच्या आतबाहेरही खळखळतो. एकदा दिलेल्या उष्णतेकडून तीन-चार वेळा काम करून घ्यायचे, ही ती युक्ती, आणि ती साखरेच्या धंद्यातच जन्माला आली. नॉर्बर्ट रिलिए हा १८०६ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला जन्मलेला इंजिनिअर. वडील गोरे मळेवाले, आई कृष्णवर्णीय. गुलामगिरीचा तो काळ. रिलिएने पॅरिसला शिक्षण घेतले आणि लुइझियानातल्या उसाच्या मळ्यांसाठी हा इव्हॅपोरेटर बसवून १८४३ आणि १८४६ साली त्याचे पेटंट घेतले. त्याआधी तिथे उघड्या कढयांच्या रांगेत रस एकीतून दुसरीत पळ्यांनी ओतत आटवायचे, आणि भाजून मरायचे ते गुलाम मजूर. आज जगातला जवळजवळ प्रत्येक साखर कारखाना त्या माणसाच्या ऋणात आहे, हे आपल्या पोरांना सांगायला हवे.

त्यानंतर दहा-बारा वर्षांत ऑस्ट्रियात एबेनझे येथे मिठागराच्या कामावर पेटर रिटिंगर नावाच्या खाण इंजिनिअरने एक पाऊल पुढे टाकले. मिठाचे पाणी उकळताना निघणारी वाफ पुढच्या कढईला न देता त्याने ती यंत्राने दाबली, दाबल्याने ती अधिक तापली, आणि तीच वाफ त्याच कढईखाली परत दिली. दाबायची शक्ती पाणचक्कीची. प्रत्यक्ष चाललेला पहिला हीट पंप म्हणून याचेच नाव घेतात. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ साली कागदावर ही कल्पना मांडली होती. १९३८ मध्ये झुरिकच्या नगरभवनात लिमॅट नदीतल्या थंडगार पाण्यातून उष्णता उपसून इमारत गरम केली गेली. जपानात २००१ पासून कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारे पाणीतापक घरोघर गेले. म्हणजे यंत्र नवे म्हणून घाबरायचे कारण नाही, आणि नवे म्हणून भाळण्याचेही नाही.

यंत्राचा उतारा

उसाला जसा उतारा, तसा हीट पंपालाही असतो. एक युनिट वीज खाऊन किती युनिटांची उष्णता पाण्यात पडली, तो त्याचा उतारा. इंग्रजीत त्याला सी.ओ.पी. म्हणतात आणि माहितीपत्रकावर तो मोठ्या टायपात छापलेला असतो, चार, साडेचार, कधी पाचही. पण उतारा जसा जमीन, जात आणि तोडणीचा महिना पाहिल्याशिवाय बोलता येत नाही, तसाच हा आकडाही हवा किती अंश आणि पाणी कितीपासून किती अंशांपर्यंत तापवले हे सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. हवा जितकी ऊबदार तितका उतारा चांगला; पाणी जितके जास्त तापवावे तितका उतारा पडतो. दुकानदाराला विचारा, ‘हा साडेचारचा आकडा कोणत्या हवेत आणि कोणत्या पाण्याला?’ उत्तर आले तर माणूस जाणकार आहे.

बदलापूर-अंबरनाथची हवा या यंत्राला मानवणारी आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. थंडीत काही पहाटे बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतो, पण युरोपातल्या बर्फात चालणाऱ्या यंत्राला ही थंडी कसली? पावसाळ्यात तर निराळाच फायदा. दमट हवा थंड जाळीवर आली की तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते, आणि बाष्प पाणी होताना किलोमागे साडेपाचशेहून अधिक किलोकॅलरी सोडते. कंडेन्सरवर काम केलेल्या माणसाला हा आकडा तोंडपाठ असतो. चार महिने आभाळ भरलेले असताना गच्चीवरचा सौर बंब मुका बसतो, तेव्हा हे यंत्र त्या ढगाळ ओलाव्यावरच जगते. सगळे धरून उतारा तीन ते चार पडावा. मी हिशेबाला तीनच धरतो. सरासरीने धरलेला ऊस काट्यावर कमी भरला तर वाईट वाटते. जास्त भरला तर कोणी तक्रार करत नाही.

एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत उलटी होते. यंत्र पहाटे पाच वाजता चालू करतात, कारण साडेपाचला आंघोळ आणि सहाची लोकल. पहाटेची हवा चोवीस तासांतली सगळ्यांत थंड, म्हणजे उतारा सगळ्यांत कमी. टायमर लावून यंत्र दुपारी दोन ते पाच चालवावे आणि पाणी टाकीत राखून ठेवावे. चांगल्या अस्तराच्या टाकीत ते पहाटेपर्यंत आंघोळीला पुरेल इतके गरम राहते. ज्यांच्याकडे वेळेनुसार दर लावणारे नवे मीटर बसले आहेत त्यांनी दिवसाच्या विजेचा दर आपल्या बिलावर तपासावा. इमारतीवर सौर पॅनेल असतील तर मग दुपारच सोन्याची.

कोणाला परवडते

आता खरा प्रश्न. हिशेब सोपा व्हावा म्हणून वीज दहा रुपये युनिट धरू, आणि साध्या गिझरपेक्षा हीट पंपाला सत्तर हजार रुपये जास्त पडतात असे समजू. आपापल्या बिलातला आणि दुकानातला आकडा घालून प्रत्येकाने पुन्हा मांडावा.

नवरा-बायको, दोन मुले. बादलीने आंघोळ. दिवसाला दोन युनिटे, महिन्याला साठ. उतारा तीन धरला की हीट पंपाला वीस लागतील. वाचली चाळीस युनिटे, म्हणजे चारशे रुपये. पण बदलापूरच्या एप्रिल-मेमध्ये टाकीतले पाणीच असे तापते की त्यात थंड मिसळावे लागते. वर्षाचे आठ महिने धरले तर ३,२०० रुपये. सत्तर हजार वसूल व्हायला बावीस वर्षे. यंत्राचे आयुष्य नीट निगा राखली तर दहा-पंधरा वर्षे. या घराने हीट पंप घेणे म्हणजे दोन गुंठ्यांसाठी ट्रॅक्टर घेणे होय. त्यांनी लहान, आय.एस.आय. छापाचा, चांगल्या ताऱ्यांचा गिझर घ्यावा, बटण वेळेवर बंद करावे, आणि उरलेले पैसे नातीच्या शिक्षणाला ठेवावेत.

आता दुसरे घर. दोन भाऊ एकत्र, आई-वडील गावाहून येऊन राहिलेले, एक तान्हे मूल, दोन न्हाणीघरांत शॉवर, भांड्यांनाही गरम पाणी. माणसे आठ-नऊ. दिवसाला तीनशे लिटर कोमट पाणी सहज जाते. वीस अंशांनी तापवायला ६,००० किलोकॅलरी, सात युनिटे. हीट पंपाला सव्वादोन-अडीच. रोजची साडेचार युनिटे, महिन्याला सुमारे एकशे चाळीस, रुपये चौदाशे. म्हातारी माणसे आणि तान्हे मूल असले की गरम पाणी दहा महिने लागते. वर्षाचे चौदा हजार, पाच वर्षांत पैसे फिटले. शिवाय महावितरणच्या घरगुती दराला १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्या आहेत. वरच्या पायरीचा दर खालच्यापेक्षा बराच चढा. वाचणारी युनिटे वरच्या पायरीवरची असतात, म्हणून अशा घराची प्रत्यक्ष बचत या हिशेबापेक्षाही जास्त निघू शकते.

वसतिगृह, लहान इस्पितळ, लॉज, मंगल कार्यालय यांचा तर विचारच करायला नको. रोजचे दोन हजार लिटर तापवणाऱ्या ठिकाणी दिवसाला तीस युनिटे वाचतात. आपल्या भागातल्या दूध संकलन केंद्रांनीही भांडी धुण्याच्या गरम पाण्यासाठी हा हिशेब मांडून पाहावा. तिथे दूध थंड करताना उष्णता बाहेर फेकतात आणि शेजारच्या खोलीत वीज जाळून पाणी तापवतात. असा विरोधाभास मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

सौर बंबाचे काय, असे कोणी विचारील. ज्याच्या गच्चीवर ऊन आणि हक्क दोन्ही आहेत त्याने आधी सौरच पाहावे. बदलापूरला रो-हाऊस आणि बंगले अजून आहेत, त्यांना ते जमते. पण चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटवाल्याची गच्ची सोसायटीची, तिच्यावर टाक्या, डिशच्या छत्र्या आणि शेजारच्या टॉवरची सावली. तळमजल्यापर्यंत गरम पाणी उतरेस्तोवर निम्मी ऊब नळात जाते. अशा वेळी हीट पंप पुढे येतो.

जागा बघून मग यंत्र

आकाराने हे दोन तऱ्हेचे मिळते. एकात टाकी आणि यंत्र एकत्र, उंच पिंपासारखे. दुसऱ्यात यंत्र बाहेर एसीच्या पेटीसारखे आणि टाकी आत. कुठलेही घ्या, त्याला मोकळी हवा लागते. बंद न्हाणीघरात किंवा सगळीकडून काच लावलेल्या ड्राय बाल्कनीत बसवले तर ते आपणच सोडलेली थंड हवा पुन्हा ओढते आणि उतारा ढासळतो. लोखंडी ग्रिल चालते, काच नाही. आवाज फ्रीजपेक्षा मोठा, तेव्हा शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नको. सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट वजन. दोनशे लिटरचे एकत्र यंत्र पाण्याने भरले की तीन क्विंटलांच्या घरात जाते. पन्नास किलोची साखरेची सहा पोती रचून त्या कोपऱ्यात कायमची ठेवायला तुम्ही तयार व्हाल का? उल्हासनगरच्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांनी हे फार गंभीरपणे घ्यावे. २०२१ च्या मे महिन्यात एकाच महिन्यात तिथे दोन इमारतींचे स्लॅब वरून खालपर्यंत कोसळले आणि झोपेत-जेवणात असलेली माणसे गेली. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले ते शहर. बराकींच्या जागी घाईघाईने मजले चढले, आणि सगळेच मजले सारख्या मालाचे नाहीत. बाहेर काढलेल्या बाल्कनीत, माळ्यावर किंवा ओल आलेल्या स्लॅबवर टाकी ठेवू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे. त्याची फी यंत्राच्या किमतीपुढे काहीच नाही.

तळमजल्यावाल्यांचा धोका निराळा. २००५ च्या २६ जुलैला काय झाले ते सगळ्यांना आठवते. २०१९ ची २७ जुलै तर आपल्या लोकांच्या जास्त लक्षात राहिली, कारण कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांनी सुखरूप काढावे लागले. बदलापुरात उल्हास नदीच्या काठच्या रमेशवाडी, हेंद्रेपाडा भागांत पाणी घरात येते. कॉम्प्रेसर एकदा पुरात बुडाला की संपला. अशा घरांनी यंत्र छातीच्या उंचीवर भिंतीला मजबूत कंसांवर घ्यावे, नाहीतर घेऊच नये.

अंबरनाथच्या रसायनी कारखान्यांच्या बाजूला हवेनेच जाळीचे पत्रे खाल्ले जातात. तिथे गंजरोधक लेप दिलेली जाळी मागून घ्यावी.

आता पाणी. बदलापूर-अंबरनाथला उल्हास नदीचे आणि एम.आय.डी.सी.च्या बारवी धरणाचे पाणी येते. यातली एक गंमत आपल्या सभासदांना ठाऊक असावी. मावळातल्या आंध्रा नदीवर टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधले आणि १९२२ पासून ते पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात सोडले जाते. तिथून ते उल्हास नदीला मिळते. आंध्रा ही इंद्रायणीची उपनदी, इंद्रायणी भीमेची. म्हणजे जे पाणी उताराने आपल्या उसाला यायचे, ते घाट उतरून आपल्याच मुलांच्या बादलीत पडते. घरातल्या घरातच राहिले म्हणायचे! ते परत वळवावे ही मागणी जुनी आहे, पण तो विषय या लेखाचा नव्हे.

नदीचे पाणी गोडे. टंचाईत येणारे टँकरचे आणि बोअरचे पाणी मात्र जड असते आणि त्याचा पांढरा थर नळीवर चढतो. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवर थर बसला की काय होते आणि क्लीनिंगला कारखाना का थांबवावा लागतो, हे आपल्याला सांगायला नको. बोअरचे पाणी असेल तर टाकी वर्षातून एकदा धुऊन घ्यावी, आणि टाकीच्या आतला मॅग्नेशियमचा गज तपासावा. हा गज स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. तो संपला की पुढे टाकी झिजू लागते. पुष्कळांना तो आत आहे हेच माहीत नसते.

घेताना

पाटीवर दोन आकडे असतात, आत जाणारी वीज आणि बाहेर येणारी उष्णता. एकाला दुसऱ्याने भागा, उतारा कळेल. त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक आकडा असतो, दीड-दोन हजार वॅटच्या मदतीच्या कॉइलचा. घाई असेल तेव्हा ही कॉइल लागते. पण बसवणाऱ्याने ती कायम चालू ठेवून दिली तर तुम्ही सत्तर हजार जास्त देऊन साधा गिझरच वापरत आहात. म्हणून बसवल्याच्या दिवशी एकदा काटा करून घ्यावा. उसाची गाडी काट्यावर चढवल्याशिवाय आपण पावती घेत नाही, इथे का घ्यावी? टाकीतले पाणी थंड असताना त्याचे तापमान घ्या, मीटरचा आकडा लिहा, घरातले बाकी सगळे बंद ठेवा, यंत्र चालवा. पाणी तापल्यावर पुन्हा दोन्ही लिहा. लिटर गुणिले वाढलेले अंश, भागिले ८६०, भागिले मीटरने दाखवलेली युनिटे. दोनशे लिटर पाणी २५ वरून ५० अंशांवर गेले आणि मीटर दोन युनिटे फिरला, तर उतारा जवळजवळ तीन. तोच मीटर पाच-सहा युनिटे फिरला तर कॉइल चालू आहे, नाहीतर वायू कमी भरला आहे. बसवणारा जिन्यात असतानाच हे करावे.

पाणी ५० अंशांवर ठेवावे. रोज ६५ वर तापवून त्यात थंड मिसळणे म्हणजे उतारा पाडणे. मात्र कोमट पाणी टाकीत फार दिवस मुरले तर त्यात जंतू वाढतात, म्हणून आठवड्यातून एकदा ते ६० अंशांपर्यंत न्यावे; बऱ्याच यंत्रांत ही सोय आपोआप असते.

हमी दोन प्रकारची असते, कॉम्प्रेसरची वेगळी आणि टाकीची वेगळी. दोन्ही लेखी घ्याव्यात, आणि दुरुस्तीचा माणूस कल्याण-ठाण्यातून येतो की पुण्याहून, हे विचारावे. उल्हासनगरच्या कारागिरांच्या हाताला न साधणारे यंत्र विरळा. त्या गावाच्या मालावरचे ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सगळ्या मुंबईला ठाऊक आहे, आणि त्यात थट्टेइतकेच कौतुकही आहे. पंखा, मोटार, मिक्सर त्यांच्याकडून खुशाल दुरुस्त करून घ्यावा. पण हीट पंपातला वायू अंदाजाने भरू देऊ नये. तो ग्रॅमवर मोजून भरावा लागतो आणि काही यंत्रांत तो प्रोपेन असतो, म्हणजे पेट घेणारा.

पेट घेण्यावरून गॅस गिझरची गोष्ट काढावीच लागते, कारण पैसे वाचवायला निघालेला मुलगा पुष्कळदा तिकडे वळतो. स्वस्त, चटकन पाणी, सिलिंडर किंवा पाइपचा गॅस. बंद न्हाणीघरात बसवलेला गॅस गिझर दर थंडीत माणसे मारतो. ज्वाळेला हवा पुरत नाही, मग कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आत गेलेला माणूस गुंगीत खाली बसतो आणि बाहेरच्यांना वाटते, आंघोळीला वेळ लागतोय. गॅस गिझर लावलेलाच असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या जागी, धुराची नळी थेट बाहेर काढलेला हवा. खिडकीची फट पुरत नाही. मुलाने हीट पंप घेतला नाही तर काही बिघडत नाही. पण न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर आबांनी हप्त्याची वाट न पाहता तो हलवायला पैसे पाठवावेत. बादलीत टाकायच्या रॉडचेही तसेच. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून पाहायची सवय मोडावी, आणि घरच्या बोर्डावर विजेची गळती ओळखून प्रवाह तोडणारा स्विच आहे की नाही ते वायरमनला विचारावे.

यंत्र बसल्यावर महिन्यातून एकदा जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढावी. दिवाळीच्या साफसफाईत पंख्याबरोबर तीही धुवावी. पावसाळ्यात यंत्राखालून पाणी ठिबकते, ते गळतीचे नव्हे. हवेतल्या बाष्पाचे ते पाणी, दिवसाला काही लिटर. त्याला बारीक नळी लावून मोरीत सोडावे, नाहीतर खालच्या मजल्यावरचे भांडायला येतात. कुंडीतल्या तुळशीला घातले तरी चालते.